रोमचं गणराज्य कुणी मोडलं: सुल्लाने की सिनेटने?

तटबंदी:
सेनापती सीझरने इ.स.पू. ४९ मध्ये फौजेसह रुबिकॉन नदी ओलांडली आणि गणराज्य बुडालं, असं सर्रास म्हटलं जातं. माझ्या मते घात ३९ वर्षं आधीच झाला होता. इ.स.पू. ८८ मध्ये सुल्ला कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेल्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक होता आणि पूर्वेकडच्या पाँटसचा राजा मिथ्रिडेटीस याच्यावरची मोहीम त्याच्या वाट्याला आली होती. ट्रिब्यून (सामान्य जनतेचा निवडलेला प्रतिनिधी) सुल्पिसियसने कायदा करून ती म्हाताऱ्या सेनापती मारियसला देऊन टाकली. हा निरोप घेऊन इटलीतल्या नोला शहरापाशी सुल्लाच्या छावणीत आलेल्या अधिकाऱ्यांना सैनिकांनी दगडांनी ठेचून मारलं. मग सुल्ला सहा लीजन (हजारो सैनिकांची एकेक पलटण) घेऊन स्वतःच्याच शहरावर चालून गेला. लोकांनी छपरांवरून कौलं नि दगड फेकले, तर त्याने घरं पेटवायचा हुकूम दिला. सीझरला वाट दाखवली ती यानेच.

वाटसरू:
साफ असहमत. इ.स.पू. १३३ कसं विसरता? सरकारी जमीन एका माणसाकडे ५०० युगेरा, म्हणजे साधारण ३१० एकरांपर्यंतच राहावी आणि उरलेली गरिबांत वाटावी, एवढंच ट्रिब्यून टायबेरियस ग्राकसचं म्हणणं होतं. त्यासाठी सिनेटर मंडळी, म्हणजे उमरावांच्या सभेचे सदस्य, मोडक्या बाकांचे पाय हातात घेऊन त्याच्यावर धावली, आणि सर्वांत पुढे होता धर्मप्रमुख नासिका! टायबेरियससह ३०० च्या वर माणसं मेली. भावाने प्रेत मागितलं, तेही दिलं नाही; रात्रीतून टायबर नदीत फेकलं. ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावणं म्हणजे पाप, असं मानणारं हे शहर. बारा वर्षांनी त्याच्या धाकट्या भावाचा, गायसचाही तसाच शेवट झाला, त्याचे सुमारे ३००० समर्थक मारले गेले, आणि ते घडवणाऱ्या कॉन्सल ओपिमियसने वर सलोख्याच्या देवीचं मंदिर बांधलं. अशा सिनेटने कुणाला कायदा शिकवावा?

जुनी नाणी:
तुम्ही दोघंही रोमच्या वेशीआतच घुटमळताय. इ.स.पू. ९१ मध्ये इटलीतली मित्रराज्यं उठली, कारण रोमसाठी रक्त सांडूनही त्यांना नागरिकत्व मिळत नव्हतं. ते देऊ पाहणाऱ्या ड्रुससचा खून झाला होता. बंडखोरांनी कॉर्फिनियमला राजधानी केलं, आणि स्वतःची नाणी पाडली. त्यातलं एक माझं फार आवडतं: बैलाने लांडग्याला खाली दाबून शिंग खुपसलंय. बैल म्हणजे इटली, लांडगा म्हणजे रोम. सुल्लाची फौज याच युद्धातून आलेली, नोलाला वेढा घालून बसलेली. शेजाऱ्यांवर तलवार चालवून तिचा हात आधीच सरावला होता.

तटबंदी:
नाण्याचा मुद्दा पटला. वाटसरू, टायबेरियसचा खून मीही हलका मानत नाही. पण गायस मेला त्या इ.स.पू. १२१ नंतरही निवडणुका होत राहिल्या, कॉन्सल बदलत राहिले. बाकाचा पाय आणि सहा लीजन यांत फरक आहेच. सुल्लाने रोमकडे कूच केलं तेव्हा एक क्वेस्टर (खजिना सांभाळणारा अधिकारी) वगळता त्याचे सगळे वरिष्ठ अधिकारी त्याला सोडून गेले. आजवर कुणी केलं नव्हतं ते हा करतोय, हे त्यांना कळत होतं.

वाटसरू:
अधिकारी गेले, सैनिक मात्र राहिले. का? प्राचीन इतिहासकार अ‍ॅपियनने कारण दिलंय: मारियस दुसरी फौज घेऊन पूर्वेला जाईल आणि आपली लूट हुकेल, ही भीती. मारियसने इ.स.पू. १०७ मध्ये भूमिहीनांना भरती केलं तेव्हापासून अशा माणसांना लुटीशिवाय दुसरा आधार नव्हता. टायबेरियस याच लोकांसाठी जमीन मागत होता.