महोत्सवात एखादा प्रयोग पडला तर मधूनच उठता का?

तिसरीघंटा

रविवारी एका कलामहोत्सवाला दिवसभर बसून आले. नाव लिहीत नाही. पोरं पदरचे पैसे घालून करतात आणि त्यातली दोघं माझ्या लेकीच्या वर्गात होती. ७०० रुपयांचा पास, सकाळी ११ ते रात्री १०, पाच कार्यक्रम. मी बँकेत आहे, हाताशी रविवार एकच, त्यामुळे पास पुरता वसूल करायचा असं ठरवूनच घरातून निघाले. तिथेच चुकलं बहुतेक.

आधी अभिवाचन. दोन खुर्च्या, दोन स्टँड, मागे काळा पडदा. फार काही अपेक्षा नव्हती. मध्येच वाचणाऱ्या बाईंनी पान उलटलं, दोन ओळी वाचल्या आणि थांबल्या. पानांची सरमिसळ झाली होती. त्यांनी रेटून नेलं नाही. चष्मा कपाळावर घेतला, बोटाला थुंकी लावून पानं चाळली आणि आम्हाला म्हणाल्या, "दोन मिनिटं हं. हे गृहस्थ इतक्यात वारायचे नाहीयेत." असा हशा पिकला की विचारू नका. गंमत म्हणजे चार पानांनी ते गृहस्थ खरंच वारले तेव्हा कुणीच हसलं नाही. माझ्या शेजारच्या आजोबांनी चक्क रुमाल काढला.

मग १ वाजताचा दीर्घांक (एकांकिकेहून लांब, एकाच अंकाचं नाटक), सुरू झाला १.२५ ला. छोटं सभागृह, शंभरेक खुर्च्या, वेगळा रंगमंच नाहीच, पहिल्या रांगेच्या पायापाशी नाटक. आणि मी हौसेनं पहिल्या रांगेत! दार पलीकडच्या अंगाला, म्हणजे उठायचं तर पात्रांमधून चालत जायचं. एक तास चाळीस मिनिटं, मध्यंतर नाही. एक मुलगा जमिनीवर पीठ चाळतोय. चाळतोय, चाळतोय. दुसरा येऊन ते पायानं विस्कटतो आणि एक मुलगी 'घर' हा एकच शब्द वेगवेगळ्या सुरांत म्हणते. पहिली वीस मिनिटं वाटलं, काहीतरी उलगडेल. चाळिसाव्या मिनिटाला ती चाळण मैद्याची की रव्याची, यावर मी विचार करत होते. मागे कुणीतरी घोरत होतं, आणि खरं सांगते, मला त्या माणसाचा हेवा वाटला. बाहेर आले तर काळ्या ओढणीवर पांढरा थर आणि जेवायला वेळ नाही. कोपऱ्यावर दोन साबुदाणावडे खाल्ले, तेही गार.

४ चं कथक त्याच सभागृहात, चाळीस मिनिटं उशिरा. सुरू झालं आणि स्पीकर शिट्टी मारायला लागला. तिसऱ्या शिट्टीला त्या मुलीनं (पंचविशीची असेल) हात वर करून तबलजींना थांबवलं आणि सगळे माइक बंद करायला सांगितले. मग बोल स्वतःच म्हणाली, हातानं टाळी देत, आणि तेच पायांतून काढून दाखवले. शेवटी पाय इतके हलके करत आणले की एवढ्या घुंगरांतलं एकच वाजत होतं. एकच! पंख्याचा आवाज त्याहून मोठा होता, तर मागचं कुणीतरी उठून पंखा बंद करून आलं. सगळं सभागृह पुढे वाकून एक घुंगरू ऐकत बसलेलं.

संध्याकाळचं फ्यूजन ठीक. बासरी छान, ड्रम फार. रात्री विनोदी नाटकाला लेक सोबत होती. पुणेरी पाट्या, दुपारची झोप, हेल्मेट, तेच ते. दहा मिनिटांत माझा डोळा लागला, लेकीनं फोटो काढलाय.

तर प्रश्न असा. पिठाच्या नाटकातून उठले असते तर जेवून, ताजी होऊन कथकला बसले असते. पण समोर तीन पोरं घाम गाळतायत आणि आपण त्यांच्या मधून पर्स सावरत जायचं, हे मला जमत नाही. तुम्ही काय करता? आणि दिवसभराच्या पासात काय गाळायचं हे आधी कसं ओळखता?

चौथीरांग

बँकेतल्या माणसानं असा हिशोब करावा? ७०० गेलेच होते, वर पावणेदोन तास कशाला घातलेत? बालगंधर्व नाट्यगृहात मध्यंतरात बटाटावडा खाऊन माणूस सन्मानानं घरी जाऊ शकतो. मध्यंतर काढणाऱ्यांनी प्रेक्षकाचा चोरदरवाजा बुजवलाय.

दिवेवाला

मी महोत्सवांत प्रकाशयोजना सांभाळतो. नेहमीच्या प्रयोगाला दिवे लावायला निवांत वेळ मिळतो. महोत्सवात फार तर तास-दीड तास, त्यातच आधीच्यांचं नेपथ्य निघायचं आणि पुढच्यांचं लागायचं. त्यामुळे जे नाटक दिव्यांवर आणि साउंडवर उभं आहे ते इथे आपटतं आणि दोन खुर्च्यांचं अभिवाचन तरून जातं. पास घेताना एवढंच बघा: सामान कुणाचं कमी आहे, आणि दिवसातला पहिला कार्यक्रम कोणता. पहिल्याला दिवे-नेपथ्य लावायला आदली रात्र मिळते.

कथकला उशीर का झाला तेही सांगतो. तिथे नव्हतो, पण पीठ भरपूर पुसलंय. ओलं फडकं मारलं की त्याची खळ होते. त्यावर अनवाणी नाचायचं म्हणजे पाय घसरणार नाहीतर चिकटणार. दोन-तीनदा पुसून, वाळवून मगच ती मुलगी उभी राहिली असणार. वेळापत्रक करणाऱ्यानं पीठ रात्री ठेवायचं होतं.

आणि उठायचंच असेल तर ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे दोन प्रवेशांमधल्या अंधारात, उठू नका. लोकांना ती सोय वाटते. त्या दहा सेकंदांत पोरं रेडियमच्या पट्ट्या बघत पळत असतात. माझ्या डोळ्यांदेखत एक काका टेबलासकट आडवे झालेत.

पुरुषोत्तमवाला

काकू, बसलात ते बरं केलंत. मी पुरुषोत्तम करंडकाला, म्हणजे पुण्यातल्या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला, दोनदा उतरलोय, भरत नाट्य मंदिरात. एका वर्षी आमची एकांकिका पडली. 'आवाज कुणाचा' ही कॉलेजची घोषणा ओरडून घसा बसलेली आमचीच मुलं गप्प झाली आणि मागून लोक उठायला लागले. माणूस उठला की खुर्ची खट् करून मिटते. मी वाक्य म्हणत होतो आणि खट् मोजत होतो. अकरा. २०२२ ला परीक्षकांनी करंडकच कुणाला दिला नाही तेव्हा केवढा गदारोळ झाला. मला ते त्या अकरा खट् पेक्षा बरं वाटलं. निदान शेवटपर्यंत बघून नाही म्हणाले.

मुकुंदनगरकर

सवाई गंधर्व संगीत महोत्सवाची सवय असलेल्याला हा प्रश्नच पडत नाही. १९५३ पासून लोक ऐकतायत. एखादं गाणं नाही रुचलं तर जागेवर पिशवी ठेवायची, कॉफी पिऊन यायचं. ना गवयाला राग, ना शेजाऱ्याला. सवाई रमणबागेत व्हायचं तेव्हा आमचे वडील रात्रभर तिथेच असायचे. मधल्या एखाद्याला सरळ सतरंजीवर आडवे व्हायचे आणि पहाटे भीमसेन जोशींच्या गाण्याला बरोबर उठून बसायचे. रात्री दहाची मर्यादा आली आणि ती झोप गेली.

चौथीरांग

बंद सभागृहात सतरंजी टाकू देत नाहीत, काका.

तिसरीघंटा

दिवेवाले, पीठ रात्री ठेवायचं होतं हे लेकीला वाचून दाखवलं. ती वेळापत्रक करणाऱ्या मित्राला पाठवते म्हणाली. पाठवलंही.

पुरुषोत्तमवाल्या, तुझ्या अकरांत मी नसते रे. पण पुढच्या रविवारी याच महोत्सवाचा दुसरा दिवस आहे, पास काढलाय, आणि या वेळी कडेची खुर्ची धरणार, दाराकडची. शिवाय पोळीभाजीचा डबा. दुपारी १ ला काय आहे म्हणून आत्ताच बघितलं. खाली बारीक अक्षरात लिहिलंय: प्रेक्षकांनी शक्यतो गडद रंगाचे कपडे घालू नयेत.