न्यूझीलंडमधल्या ओटागोच्या डोंगरात फोर व्हील ड्राइव्ह: ट्रॅक चिखलाने भरला असेल तर बाजूने जायचं का?

डोंगरवेडी
नमस्कार मंडळी, आम्ही क्राइस्टचर्चला असतो, नुकतीच सेकंडहँड हायलक्स (फोर व्हील ड्राइव्ह गाडी) घेतलीये आणि ह्या उन्हाळ्यात नेव्हिस रोड हा डोंगरातला रस्ता आणि जमलं तर ओल्ड मॅन रेंज ही डोंगररांग करायचंच असं नवरोबांनी ठरवून टाकलंय. गाडी दोघंही बरी चालवतो पण सगळी डांबरावर. डॉकवाले (इथलं सरकारी निसर्गसंवर्धन खातं) म्हणतात केलेल्या रस्त्यावरच राहा, ते ठीकच, पण वर गेल्यावर मध्येच चिखलाचं डबकं नाहीतर बर्फाचा ढीग लागला तर करायचं काय? ह्यांचं म्हणणं, बाजूला नुसतं गवतच असतं, दोन चाकं त्यावरून घातली तर असं काय आकाश कोसळणारे. मला पटत नाही पण ठोस उत्तरही देता येत नाही. टायरची हवा, नद्या वगैरेबद्दलही कुणी सांगितलंत तर बरं होईल.

टसॉककाका
ताई, तुमचं बरोबर आहे आणि सगळी गोम त्या दोन चाकांतच आहे. वर जाऊन मुद्दाम डोनट मारणारे टगे असतात, नाही असं नाही, पण ट्रॅकची वाट लावतात ती "जरासं बाजूने" जाणारी सज्जन मंडळी. पहिला डबकं चुकवून डावीकडून जातो, मग ती डावी बाजू मऊ होते म्हणून पुढचा अजून डावीकडून, आणि बघता बघता एका गाडीचा रस्ता तीन गाड्यांएवढा रुंद होऊन बसतो, मधलं डबकं आहे तिथेच.

आणि "नुसतं गवत" म्हणजे काय ते उतरून गुडघ्यावर बसून बघा एकदा. मोठे झुपके दिसतात ते स्नो टसॉक, एकेक झुपका शंभर शंभर वर्षांहून जुना असू शकतो आणि त्याला दरवर्षी फुलं येतातच असंही नाही. धुक्यातलं पाणी धरून ठेवायचं कामही ह्याच गवताचं, डुनेडिनच्या नळाला येणाऱ्या पाण्यातलं बरंचसं ‘ते पापानुई’ (Te Papanui) ह्या राखीव भागातल्या टसॉकमधून येतं. अजून वर गेलं की टसॉक पण संपतं आणि उशीसारख्या घट्ट, बोटभर उंचीच्या वनस्पती जमिनीला चिकटून असतात. त्यावरून चाक गेलं की साल निघाल्यासारखी खालची माती उघडी पडते, रात्री मातीतलं पाणी गोठून बर्फाच्या बारीक सुया वर येतात, माती उचलली जाते, सकाळी वितळून पुन्हा बसते, आणि ह्या उचलापटकीत नवीन रोपाची मुळंच तुटतात. उन्हाळा तिथे असतो किती, त्यामुळे ती जखम आपल्या हयातीत भरेलच अशी खात्री नाही. ओल्ड मॅन रेंजच्या माथ्यावर तर गोठण्या-वितळण्यानेच तयार झालेले मातीचे उंचवटे आणि पट्टे आहेत, मुद्दाम बघण्यासारखे आहेत, पण पायी.

तेव्हा डबकं आलं तर उतरा, काठीने खोली बघा, तळ टणक असेल तर सरळ मधून जा, गाडी घाण होईल तर होऊ दे. नसेल तर मागे फिरा, आणि फिरायचं ते सुद्धा रुंद जागा मिळेपर्यंत रिव्हर्स घेत. नवरोबांना हे आवडणार नाही.

व्ही८_वाघ
काका थोडं जास्त होतंय असं नाही का वाटत? दीडशे वर्षं ह्याच डोंगरांवर मेंढ्या चरल्या, शेतकऱ्यांनी टसॉक जाळलं, ते चाललं आणि आमच्या टायरचाच तेवढा त्रास? अशाने एक दिवस सगळीकडे गेट लावून मोकळे होतील.

टसॉककाका
वाघोबा, मेंढ्यांनी आणि जाळण्याने नुकसान झालं हे कोण नाकारतंय, म्हणूनच तर १९९८ च्या कायद्याखाली टेन्युअर रिव्ह्यू (भाडेपट्ट्यावरच्या सरकारी कुरणांची फेरवाटणी) होऊन वरची बरीचशी जमीन चराईतून काढून डॉककडे दिली. २०२२ मध्ये ती पद्धत बंद झाली पण तोवर हाय कंट्रीतला, म्हणजे वरच्या डोंगराळ कुरणांतला, मोठा भाग डॉककडे आला होता. आज आपण जिथे गाडी घालतो त्यातल्या पुष्कळ जागी आधी शेतकऱ्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं. आणि गेट लागण्याची भीती खरीच आहे, पण ट्रॅक रुंद करत बसलं तर ती वेळ लवकर येईल का उशिरा, तुम्हीच सांगा.

लो_रेंज_लता
गाडीपुरतं सांगते. लो रेंज (फोर व्हीलचा सावकाश पण जास्त जोराचा गिअर) चढ सुरू व्हायच्या आधीच टाका, अर्ध्यात अडकून मग शोधू नका. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की लगेच पाय काढायचा, कारण फिरणारं चाक खड्डा खणतं, पुढच्या पावसात पाणी त्याच खड्ड्यातून धावतं आणि ट्रॅकचा ओढा होतो. हवा थोडी कमी केली की पकड वाढते आणि चाक कमी फिरतं, मी पंचवीस पीएसआयच्या आसपास ठेवते पण ते गाडीच्या वजनावर आणि टायरवर आहे, फार कमी केलीत तर तिथल्या शिस्ट दगडाच्या धारा टायरची बाजू फाडतात. कॉम्प्रेसर बरोबर ठेवा, डांबरावर यायच्या आधी परत भरायची असते. उतारावर ब्रेक दाबून धरू नका, लो फर्स्ट टाकून इंजिनवर उतरा.

विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र) आहे म्हणून निर्धास्त राहू नका, वर झाडच नाही तर दोर बांधणार कशाला? टसॉकच्या झुपक्याला तर अजिबातच नाही. म्हणून दोन गाड्या हव्यातच. आणि डब्ल्यूओएफ (गाडी तपासणीचा दाखला), रजिस्ट्रेशन, लायसन्स सगळं डॉकच्या जमिनीवर पण लागतं, डोंगरात कोण बघतंय असं नसतं. गेट जसं दिसेल तसंच ठेवून जायचं, उघडं असेल तर उघडं, त्यामागे शेतकऱ्याचं काहीतरी गणित असतं.

नदीकाठचा
नेव्हिस रोडला ओढे वीसच्या वर ओलांडावे लागतात, बॅनॉकबर्नपासून गार्स्टनपर्यंत. जिथे रस्ता उतरतो तिथेच उतरायचं, पात्रात वर-खाली नाचायचं नाही, आणि आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर जाऊच नका. कॅंटरबरीकडे, म्हणजे तुमच्या क्राइस्टचर्चच्या भागात, परत येताना रुंद, गोट्यांच्या पात्रांच्या नद्या लागतील, सप्टेंबर ते जानेवारी तिथे पक्षी उघड्या गोट्यांवरच अंडी घालतात. त्यातल्या रायबिल पक्ष्याचं अंडं तुम्ही दोन पावलांवर उभे राहिलात तरी दिसणार नाही, रंग हुबेहूब गोट्याचा. चोच उजवीकडे वळलेला जगातला हा एकच पक्षी, आणि आपण त्याच्या घरट्यावरून गाडी नेतो, तेही न कळता.

आणि डिडिमो, म्हणजे नदीच्या तळाशी वाढणारं बाहेरून आलेलं शेवाळ. २००४ मध्ये साउथलंडच्या वायाऊ नदीत सापडलं, पुढे साउथ आयलंडभर पसरलं, एका थेंबातूनही जाऊ शकतं. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाताना चाकं, खालची बाजू, बूट सगळं धुवा, नाहीतर पूर्ण वाळल्यावर वर ४८ तास कोरडं राहू द्या. चिखलातून हॉकवीड ह्या तणाचं बीही जातं, म्हणून घरून निघतानाही गाडी धुतलेली असू दे.

डोंगरवेडी
काका, लताताई, नदीकाठचे, सगळ्यांचे आभार. ह्यांना वाचून दाखवलं, दोन गाड्यांवर गाडी अडली होती, पण ऑफिसमधल्या एकाला पटवतायत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलं तर चालेल का?

टसॉककाका
नेव्हिस हिवाळ्यात बंद असतो, साधारण जून ते सप्टेंबर, पण तारखेवर जाऊ नका, निघायच्या आधी कौन्सिलच्या साइटवर बघा. सुमारे १३०० मीटरवर जातो तो. ओल्ड मॅन मात्र जानेवारी-फेब्रुवारीवर ढकला, नोव्हेंबरात वरचा बर्फ वितळत असतो आणि जमीन भिजून लदलदीत, गेट उघडं असलं तरी चाक रुततंच. आणि उन्हाळा असला तरी गरम कपडे आणि लोकेटर बीकन (संकटात आपली जागा कळवणारं यंत्र) घ्याच. १८६३ च्या हिवाळ्यात सोनं शोधायला गेलेली माणसं त्याच रेंजवर बर्फात दगावली, गॉर्ज क्रीकला स्मारक आहे रस्त्यालगत, जाता जाता थांबता येईल.

लो_रेंज_लता
ऑफिसवाल्यांची गाडी कुठली आहे ते आधी विचारा हो, ऑल व्हील ड्राइव्ह एसयूव्ही असेल आणि लो रेंज नसेल तर ती दुसरी गाडी धरू नका.