रंग नव्हे, पृष्ठभाग
मुलांसोबत टाकाऊ प्लास्टिकच्या बाटल्यांच्या वस्तू बनवताना बाटलीवरच्या रंगाचे पोपडे निघतात म्हणून महागातला रंग घ्यावा, असे काही जण सुचवतात. मला ते पटत नाही, कारण दोष रंगाचा नसून गुळगुळीत पृष्ठभागाचा आहे. बाटलीच्या तळाशी त्रिकोणात १ हा आकडा असेल तर ते पेट (PET) नावाचे प्लास्टिक होय, आणि बारीक पॉलिश पेपरने घासून घेतल्यास त्यावर ॲक्रिलिक रंग बऱ्यापैकी धरतो. झाकणे मात्र बहुधा २ किंवा ५ क्रमांकाच्या प्लास्टिकची असतात. त्यांना पांढरा फेव्हिकॉल तर सोडाच, एरवीचे जहाल गोंदही नीट धरत नाहीत, म्हणून ती भोके पाडून (अर्थात मोठ्यांनी) दोऱ्यात ओवणेच उत्तम. बाटलीची कापलेली कड बोटांना लागू नये यासाठी ती कमी तापवलेल्या इस्त्रीवर क्षणभर टेकवावी. पेट साधारण ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते आणि कड आत वळून गोल होते.

आमच्या इंदुरात घरचा कचरा सहा प्रकारांत वेगळा करून गाडीत द्यावा लागतो, त्यामुळे मुलांना प्लास्टिकच्या कचऱ्याचा डबा चांगला ओळखीचा असतो; पण चमकी, गोंद आणि रंग फासलेली बाटली पुनर्प्रक्रियेसाठी जवळजवळ निकामी ठरते. दोऱ्याने बांधलेली वस्तू मात्र मुलांना तिचा कंटाळा आला की सोडवून तशीच त्या डब्यात टाकता येते.