उपजत की शिकलेले?

प्राण्यांनी हत्यारे वापरणे ही केवळ उपजत प्रवृत्ती असून त्यात शिकणे नाही, असे काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. आयव्हरी कोस्टमधील ताई जंगलातले चिंपांझी कठीण कवचाची फळे मुळावर ठेवून दगडाने किंवा लाकडाने फोडतात, आणि हे कसब अंगी यायला पिलांना आईजवळ बसून कित्येक वर्षे घालवावी लागतात. त्याच देशात सासांद्रा नदीच्या पूर्वेला तीच झाडे आणि दगड असूनही तिथले चिंपांझी फळे फोडत नाहीत. केवळ उपजत प्रवृत्तीने हा फरक कसा समजवायचा?

जपानच्या कोशिमा बेटावर १९५३ साली इमो नावाच्या लहान माकडिणीने रताळी पाण्यात धुण्यास सुरुवात केली. हे काटेकोरपणे हत्यार नव्हे, पण प्रसाराचा मार्ग बोलका आहे: आधी सवंगडी आणि आई, तर प्रौढ नर बहुतेक अलिप्तच राहिले. अर्थात हे शुद्ध अनुकरण होते, की इतरांमुळे पाण्याकडे आणि रताळ्यांकडे लक्ष वेधून प्रत्येकाने स्वतः शोधलेली युक्ती, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि ते रास्तही आहेत.

आपल्या नाशिकजवळ ब्रह्मगिरीच्या वाटेवर माकडे यात्रेकरूंच्या पिशव्या हिसकावतात. पिले हे पाहून शिकतात का, हे ठरवण्यासाठी कुणी एकाच टोळीची वर्षभर नोंद ठेवली तर मला मनापासून आनंद होईल. त्यासाठी पहिल्यांदा पिशवी ओढणारे पिलू त्या वेळी कोणाजवळ होते, एवढे टिपले तरी पुष्कळ उलगडेल.