चिंचिला नेमका कुठला? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. म्हापशात माझ्या भाचीकडे चिंचिला (दाट मऊ केसांचा, कुरतडणारा छोटा प्राणी) आलाय. विकणाऱ्याने ‘आखूड शेपटीचा’ सांगून दिला, मला पटत नाही. ती जात अंगाने थोराड, मान जाड, कान लहान. याचे कान मोठे नि गोल, उजेडात आतल्या शिरा दिसतात, शेपूट अंगाच्या निम्म्याहून लांब. पाळीव चिंचिले बहुतेक चिलीतल्या लांब शेपटीच्याच जातीचे ना?

खरी काळजी उकाड्याची. दोन्ही जाती दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातल्या कोरड्या थंडीतल्या, एकेका छिद्रातून ५० वर केस! काल लाईट गेली तर बिचारा फरशीवर पसरून धापा टाकत होता. गोव्यात असे प्राणी तपासणारा पशुवैद्य कुणाला माहीत आहे का? लवकर कळवा, प्लीज.