पिसारोचे ‘दहिवर’: सावल्या चौकटीत, झाडे बाहेर

मूळ मुद्दा:
फ्रेंच चित्रकार कामिय पिसारोचे ‘दहिवर’ (गोठलेले दव) हे १८७३ सालचे निसर्गचित्र १८७४ मध्ये पॅरिसला, छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत भरलेल्या पहिल्या दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) प्रदर्शनात मांडले होते. पॅरिसजवळच्या पाँत्वाझ गावालगतची नांगरलेली शेते, पाठीवर मोळी घेऊन चाललेला एक माणूस आणि जमिनीवर पसरलेल्या लांब सावल्या, एवढाच त्याचा विषय. त्या सावल्या टाकणारी झाडे चौकटीबाहेर राहिली आहेत आणि समीक्षक कास्तान्यारीने हीच पिसारोची गंभीर चूक ठरवली. माझ्या मते चित्राचे बळ त्या ‘चुकी’तच आहे, कारण हे रचून उभे केलेले नेपथ्य नसून मोठ्या परिसराचा सहज नजरेत आलेला तुकडा आहे, हे त्या सावल्यांमुळेच कळते.

प्रतिसाद १:
असहमत. या चित्रात समीक्षक लुई लरुआला मळक्या कॅनव्हासवर थापलेली पॅलेटची खरवड दिसली, ती निव्वळ टवाळी होती. कास्तान्यारी मात्र या दृक्प्रत्ययवादी मंडळींचा हितचिंतक होता. हे चित्रकार निसर्गदृश्य नव्हे, तर त्याने मनावर उमटवलेली संवेदना रंगवतात, हे त्यानेच तेव्हा नेमके मांडले. अशा माणसाची हरकत सहज झटकता येत नाही. सावल्यांचे पट्टे नांगराच्या तासांना छेदत जातात, रंगही जाड आणि खरबरीत लावलेला आहे, त्यामुळे तास कोणते आणि सावली कोणती हे पटकन उमगत नाही. कडेला एखादा बुंधा दिसला असता, तर काय बिघडले असते?

प्रतिसाद २:
आपण दोघेही सावल्यांतच अडकला आहात. मोळीवाला माणूस शेतकरी-मजूर रंगवणाऱ्या फ्रेंच चित्रकार मिलेच्या कष्टकऱ्यांच्या कुळातला असला, तरी त्यांचे भव्यपण पिसारोने त्याला दिलेले नाही. अराजकवादी, म्हणजे राज्यसत्ताच नाकारणाऱ्या, विचारांकडे पुढे झुकलेल्या या चित्रकाराने कष्टकऱ्याला शेतात असे विरघळू द्यावे, हे मला खटकते.

मूळ लेखक:
तासांचा आणि सावल्यांचा गोंधळ होतो, हे मान्य; पण तिरप्या उन्हात नांगरलेल्या रानाकडे पाहतानाही डोळ्यांचे तेच होते, आणि पिसारोला तेच पाहणे रंगवायचे होते. बुंधा आणला असता, तर नजर आधी त्याच्यावर खिळली असती आणि मोळीवाला आहे त्याहूनही लहान झाला असता.