‘मोरनामा’ पर्यावरणाची कथा की फाळणीची?

रानवाट
उर्दू कथाकार इंतिज़ार हुसैन म्हटलं की आपण डोळे झाकून ‘फाळणी’ म्हणतो. बुलंदशहर जिल्ह्यातल्या डिबाईचा माणूस १९४७ मध्ये लाहोरला गेला, मग त्याचं सगळं लेखन त्याच खात्यात! त्यांची ‘मोरनामा’ ही कथा पुन्हा वाचली आणि हे पटेनासं झालं. मे १९९८, पोखरणचे अणुस्फोट. राजस्थानातले मोर घाबरून किंचाळत उडाले, ही बातमी निवेदकाला स्वस्थ बसू देत नाही. दोन्हीकडे लोक पेढे वाटताहेत आणि याला काळजी मोरांची. त्यांच्याबद्दल लिहायला जातो तर अश्वत्थामा पाठ सोडत नाही. उत्तरेच्या गर्भावर ब्रह्मास्त्र सोडणारा. माझ्या मते ही पर्यावरणकथाच.

मुसाफिर
असहमत. मोर म्हणजे त्यांचं सुटलेलं गाव, बाकी काही नाही. स्फोटाच्या जागेजवळचं गाव खेतोलाई. तिथे घरांच्या भिंतींना तडे गेले. कथेत खेतोलाईची एक तरी बाई दिसते का? पर्यावरणच हवं तर पाकिस्तानी उर्दू लेखिका खालिदा हुसैन यांची ‘सवारी’ ही कथा वाचा. मावळतीची लाली विझत नाही, शहरभर असह्य दुर्गंधी पसरते आणि हळूहळू लोकांना ती जाणवेनाशी होते. ते वाचताना मी दोनदा उठून खिडकी उघडली. तिथे गावाच्या आठवणींचे उमाळे नाहीत.

चांदणी
मी धडगावकडची. आजी सांगायची, अश्वत्थामा नर्मदाकाठच्या शूलपाणीच्या झाडीत कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो. सरदार सरोवराचं पाणी चढलं, झाडी बुडाली, तेव्हा तिने विचारलं होतं, “आता तो कुठं जाईल गं?” मुसाफिर, हा प्रश्न गावाचा की झाडीचा, मला आजही वेगळं करून सांगता येत नाही.

मुसाफिर
आजींचा प्रश्न मोठा आहे, ताई. पण त्या झाडीलगत राहत होत्या. लाहोरात बसून मोर आठवणं वेगळं.

रानवाट
खेतोलाईचं मान्य, ती उणीव आहेच. पण नुसती गावाची ओढ असती तर अश्वत्थामा भारतातच राहिला असता. पाकिस्तानात परतताना निवेदकाला वाटतं, सरहद्द ओलांडली, सुटलो. तर तो मागे उभाच. त्याच मे महिन्याच्या २८ तारखेला पाकिस्तानच्या अणुस्फोटांनी चगाईचा डोंगर हादरला होता.